प्रश्न एका शेतातला, चर्चा गावभर : मोबाईलवरून पिकाचा प्रश्न कसा विचारावा?

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून वारूळवाडीचा शेतकरी घरी परततो. हातपाय धुऊन चहा घेता घेता तो मोबाईल हाती घेतो. कुणी पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो टाकलेला असतो, कुणी आजचा भाव लिहिलेला असतो, तर कुणी विचारतो, "हे काय आहे? कोणते औषध मारू?" पाच मिनिटांत दहा उत्तरे येतात आणि दहाही निरनिराळी असतात. रात्री जेवणानंतर हाच विषय पारावर निघतो आणि सकाळी कृषी सेवा केंद्राच्या दारात पुन्हा त्याचीच चर्चा होते.

पिकाचा प्रश्न चारचौघांत मांडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी पार, आठवडे बाजार आणि सोसायटीचा ओटा या चर्चेच्या जागा होत्या. पुढे आकाशवाणीचे शेतीविषयक कार्यक्रम, दूरदर्शनवरील 'आमची माती आमची माणसं' आणि 'शेतकरी' मासिक यांतून प्रश्नोत्तरे होऊ लागली. त्या काळी पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागे. आता प्रश्न क्षणात शंभर जणांपर्यंत पोहोचतो. हा फार मोठा लाभ आहे. मात्र घाईत मांडलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच अंगावर उलटू शकतो, हे आपल्या भागाने २०२० साली अनुभवले आहे.

२०२० चा धडा

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी सुरू झाली. वाहतूक विस्कळीत झाली, बाजार कधी चालू तर कधी बंद अशी स्थिती होती. त्याच सुमारास पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक व सातारा जिल्ह्यांतील उन्हाळी टोमॅटोवर एक विचित्र लक्षण दिसू लागले. फळ एकसारखे लाल होईना. एकाच फळावर हिरवे, पिवळे व लाल चट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी फोटो काढले, एकमेकांना पाठविले आणि विचारले, "हे काय आहे?" प्रश्न अगदी योग्य होता.

फोटो पुढे जाता जाता या लक्षणाला 'तिरंगा' हे नाव पडले. नावाला 'व्हायरस' हा शब्द जोडला गेला. करोनामुळे त्या दिवसांत व्हायरस म्हटले की घराघरांत धडकी भरत होती. बघता बघता हा विषाणू माणसालाही घातक असल्याची आवई उठली. वृत्तवाहिन्यांवर चर्चा झाली आणि टोमॅटो खावा की नाही अशी शंका शहरातील ग्राहकाच्या मनात आली. टाळेबंदीने आधीच अडचणीत आलेल्या उत्पादकावर हा दुसरा घाव होता. ज्याच्या शेतात एकही चट्टा पडलेले फळ नव्हते, त्याच्या मालाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

या चर्चेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. शेतकऱ्यांनी गप्प बसून पीक उपटून टाकले असते, तर कारण कळलेच नसते. प्रश्न उघडपणे मांडला गेला, शेतकरी संघटनांनी तो उचलून धरला, शास्त्रज्ञांनी शेतांना भेटी दिल्या आणि नमुने बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले. तपासणीत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आढळला. हा विषाणू जगाला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. तो हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर जगतो आणि मावा या किडीमार्फत पसरतो. वनस्पतींवरील विषाणूंमुळे माणसाला रोग होत नाही, हेही शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले.

म्हणजे एकाच चर्चेतून लाभही झाला आणि हानीही झाली. "हे काय आहे?" या प्रश्नाने शास्त्रज्ञ बांधावर आले. "हा घातक व्हायरस आहे" या न तपासलेल्या निकालाने ग्राहक दूर गेला. म्हणून पहिला नियम असा : चारचौघांत प्रश्न अवश्य विचारावा, पण तपासणीआधी निकाल देऊ नये.

केवळ फोटोवरून निदान का होत नाही?

टोमॅटोचे फळ एकसारखे न रंगण्याची कारणे अनेक आहेत.

१) तापमान साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास फळातील लाल रंगद्रव्य तयार होणे मंदावते व फळ पिवळसर किंवा नारिंगी राहते. उन्हाळी लागवडीत हे नेहमी आढळते.

२) पालाश कमी पडल्यास फळ डागाळत पिकते आणि देठाकडील भाग पिवळा व कडक राहतो.

३) विषाणूजन्य रोगातही असेच चट्टे दिसतात. त्यातही मोझॅक विषाणू माव्यामार्फत येतो, तर शेंडे करपविणारा टॉस्पो गटातील विषाणू फुलकिड्यांमार्फत येतो.

फोटोत ही लक्षणे सारखीच दिसतात, पण उपाय मात्र वेगळे आहेत. विषाणूची खात्री एलायझा किंवा पीसीआर यांसारख्या प्रयोगशाळेतील चाचणीनेच होते. विषाणू झाडात शिरल्यानंतर तो बरा करणारे कोणतेही औषध नाही. मोझॅक विषाणूच्या बाबतीत रोगट झाडावर काही क्षण सोंड टोचली तरी मावा विषाणू उचलतो आणि लगेच दुसऱ्या झाडाला देतो. त्यामुळे शेतात रोग पसरल्यावर केवळ कीटकनाशकाच्या फवारण्या वाढवून तो आटोक्यात येत नाही. रोपवाटिकेला बारीक छिद्रांची जाळी लावणे, बांधावरील तण काढणे, लागवडीभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी लावणे, शेजारी काकडीवर्गीय पीक टाळणे आणि रोगट झाड सुरुवातीलाच उपटून नष्ट करणे, हेच उपाय उपयोगी पडतात. फोटो पाहून कुणी सांगितलेले महागडे औषध मारल्याने पैसा तर जातोच, शिवाय हे उपाय करण्याची वेळही निघून जाते.

याबाबत प्रस्तुत लेखकाची स्वतःची चूक सांगणे उचित ठरेल. एका शेतकऱ्याने पिवळ्या पडलेल्या शेंड्याचा जवळून काढलेला फोटो पाठविला. मी तो पाहून लोहाची कमतरता असल्याचे सर्वांसमोर कळविले. त्यावर आणखी चार-पाच जणांनी आपापल्या पिकावर फवारणी उरकली. आठवड्याने त्या शेतात गेलो तेव्हा ठिबकची नळी फुटून त्या दोन सरींत पाणी साचलेले दिसले. मुळांना हवा मिळत नव्हती, म्हणून शेंडा पिवळा पडला होता. फोटोत शेंडा होता, सरी नव्हती आणि मीही सरीबद्दल विचारले नव्हते. तेव्हापासून प्रश्न पूर्ण समजल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे ठरविले आहे.

प्रश्न कसा मांडावा?

अ) फोटो : एक फोटो पुरेसा नाही. किमान पाच काढावेत. (१) संपूर्ण प्लॉट, (२) एक संपूर्ण झाड, (३) पानाची वरची बाजू, (४) पानाची खालची बाजू, (५) फळ व कापलेले फळ. शेजारी निरोगी पान किंवा फळ ठेवल्यास फरक चटकन कळतो. फोटो सकाळी, उन्हाची तिरीप टाळून काढावेत.

कीड असल्यास तिची ओळख पटविणारा भाग फोटोत यावा. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्या. ही परदेशी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे लिहिल्यासारखी खूण असते व शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. हे दोन भाग स्पष्ट दिसले तर ओळख सोपी होते. पोंग्यातील विष्ठेचा दुरून काढलेला फोटो कितीही जणांना पाठविला तरी खात्री होत नाही.

आ) मोजणी : "सगळा प्लॉट गेला" असे लिहू नये. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडे पाहावीत. अशी १०० झाडे होतात. त्यांपैकी जितकी झाडे बाधित असतील तितके टक्के प्रादुर्भाव समजावा. बाधित झाडे एका कोपऱ्यात आहेत, एका सरीत आहेत की सर्वत्र विखुरलेली आहेत, तेही लिहावे. एका सरीतील लक्षण पाण्याकडे किंवा खताकडे बोट दाखविते, तर विखुरलेली झाडे कीड-रोगाची शंका वाढवितात.

इ) माहिती : पिकाचे वाण, पुनर्लागवडीची तारीख, जमिनीचा प्रकार, पाणी देण्याची पद्धत, मागील १५ दिवसांतील खते व फवारण्या (मात्रेसह), लक्षण प्रथम दिसल्याची तारीख आणि शेजारची पिके यांचा उल्लेख करावा.

नमुना पुढीलप्रमाणे :

"टोमॅटो, क्षेत्र ३० गुंठे, पुनर्लागवड १० फेब्रुवारी. मध्यम काळी जमीन, ठिबक व मल्चिंग. दुसरा तोडा चालू आहे. १०० पैकी १८ झाडांच्या फळांवर पिवळे चट्टे, झाडे विखुरलेली. चट्टे पाच दिवसांपूर्वी प्रथम दिसले. पानांखाली मावा दिसतो. शेजारी काकडी आहे. मागील १५ दिवसांतील खते व फवारण्यांची यादी सोबत आहे. कारण काय असावे? नमुना कोठे द्यावा?"

या संदेशात कुणाला दोष दिलेला नाही, कोणतेही भीतीदायक नाव दिलेले नाही आणि उत्तर देणाऱ्याला हवी ती माहिती आहे. शेजारच्या गावातील शेतकरीही आपल्या शेताशी तुलना करू शकतो. चर्चा उपयोगी ठरते ती अशा प्रश्नामुळे.

आलेले उत्तर कसे पारखावे?

१) उत्तर देणाऱ्याने आधी काही विचारले का, हे पाहावे. काही न विचारता थेट औषधाचे नाव सांगणाऱ्याच्या सल्ल्यावर लगेच फवारणी करू नये. तोच माणूस ते औषध विकतो का, याचाही विचार करावा.

२) सांगितलेले औषध त्या पिकासाठी लेबलवर आहे का, मात्रा किती आणि फवारणीनंतर तोडणीसाठी किती दिवस थांबावे, हे लेबल वाचूनच ठरवावे.

३) संदेशाची तारीख व गाव पाहावे. जुने फोटो व जुने संदेश नव्याने फिरत राहतात.

४) शंका राहिल्यास सहाय्यक कृषी अधिकारी, नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

भावाच्या संदेशाबाबत सावधगिरी

जी गोष्ट रोगाची, तीच भावाची. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव निघाला. त्या भावाचे आणि मोठ्या कमाईचे संदेश राज्यभर फिरले. ते खोटे नव्हते. मात्र तो भाव त्या दिवसाचा आणि निवडक मालाचा होता, हे अनेकांनी लक्षात घेतले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आवक वाढली आणि भाव कोसळले. तोडणीचा व वाहतुकीचा खर्चही निघेना म्हणून काहींना उभे पीक सोडून द्यावे लागले. भावाचा संदेश पाठविताना तारीख, प्रत, किमान भाव, कमाल भाव आणि आवक एवढे तरी लिहावे. "यंदा टोमॅटो लावावा का?" हा प्रश्न विचारताना आज काय भाव आहे यापेक्षा रोपवाटिकांत किती रोपांची मागणी आहे, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

संदेश म्हणजे तक्रार नव्हे

बियाणे किंवा रोपे सदोष निघाल्याचा संशय आल्यास अनेकजण कंपनीचे नाव घेऊन संदेश टाकतात आणि तेवढ्यावरच थांबतात. त्याने चर्चा होते, पण भरपाईचा मार्ग मोकळा होत नाही. खरेदीची पावती, पिशवी, टॅग व थोडे बियाणे जपून ठेवावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. पीक उभे असतानाच ही पाहणी व्हावी लागते. संदेशांच्या गदारोळात पीक काढून टाकले, तर पुरावाच उरत नाही.

उत्तरही सर्वांना कळवा

शेवटी एक विनंती. २०२० मधील चट्टे पडलेल्या टोमॅटोचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये अजून असेल. तपासणीत काय आढळले, हे सांगणारा संदेश किती जणांकडे आहे? प्रश्न विचारणाऱ्याचे काम उत्तर मिळाल्यावर संपत नाही. निदान काय झाले, कोणता उपाय केला, खर्च किती आला आणि गुण आला की नाही, हे ज्या ठिकाणी प्रश्न विचारला त्याच ठिकाणी कळवावे. उपाय फसला तरी तेही लिहावे. फसलेला प्रयोगही शेजाऱ्याचा खर्च वाचवितो.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकात काही वेगळे दिसले तर गप्प बसू नका. प्लॉट फिरून पाहा, झाडे मोजा, पाच फोटो काढा आणि मग विचारा. आपला नीट मांडलेला एक प्रश्न शिवारातील अनेकांचे पीक वाचवू शकतो.