पुणे दरबार ते विंचूरचा द्राक्षमळा : महाराष्ट्र-फ्रान्स संबंधांचा एक अभ्यास

दोन दूरस्थ देशांचे संबंध सामान्यतः तीन मार्गांनी जुळतात : वकिलात, व्यापार आणि विद्या. या तिन्ही मार्गांची कसोटी मात्र एकच असते. दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही संबंधाचे खरे मोल कळत नाही. महाराष्ट्र आणि फ्रान्स यांच्यातील साडेतीनशे वर्षांचा संबंध या कसोटीवर पारखून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे सोयीचे ठिकाण होय. पानिपतच्या रणात लढलेले पेशवाईतील मातब्बर सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे हे गाव. आणि राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने वाइन उद्योगासाठी क्षेत्र विकसित केले, तेही याच गावी.

वखार आणि वकील

फ्रान्सची ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये स्थापन झाली आणि १६६८ मध्ये तिने सुरतेस वखार घातली. पुढे कोकणात राजापूर येथेही फ्रेंचांची वखार होती. आबे कारे या फ्रेंच प्रवाशाने छत्रपती शिवाजी महाराजांविषयी लिहून ठेवलेला वृत्तान्त आजही इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी आपला प्रतिनिधी त्यांच्या छावणीत पाठविला होता.

या संबंधातील सर्वांत गाजलेला प्रसंग १७७७ चा. त्या वर्षी सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ कोकणातून पुण्यास आला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत, असे त्याने सांगितले आणि इंग्रजांविरुद्ध लष्करी साहाय्याचे आश्वासन दिले. नाना फडणविसांनी त्याचा सन्मान केला. इंग्रजांची धास्ती हेही नानांच्या हाती एक शस्त्र होते. ती धास्ती खरोखरच वाढली आणि पुढील युद्धाच्या कारणांत या वकिलाच्या उपस्थितीची भर पडली. १७७८ मध्ये सेंट लुबिन निघून गेला. त्याने कबूल केलेली कुमक आली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजी फौजेस तहास भाग पाडले, ते स्वतःच्या बळावर.

उत्तरेत महादजी शिंदे यांनी मात्र निराळा मार्ग धरला. त्यांनी परदेशाशी तह करण्यापेक्षा परदेशी विद्या पदरी ठेवणे पसंत केले. सव्हॉय प्रांतातील द बॉयन्य यांस १७८४ मध्ये त्यांनी सेवेत घेतले आणि कवायती पलटणी उभारल्या. १७९० मधील पाटण व मेडता येथील विजयांत या पलटणींचा मोठा वाटा होता. परंतु विद्या घेतली तरी तिचे धनीपण आपल्याकडे नसेल, तर ती ऐन वेळी निसटते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच द बॉयन्य यांचे उत्तराधिकारी पेराँ यांनी शिंद्यांची चाकरी सोडली.

मार्सेय आणि मराठी भाषा

विसाव्या शतकातील एका प्रसंगाने नाशिक जिल्ह्याचे नाव थेट आंतरराष्ट्रीय न्यायमंचापर्यंत नेले. भगूर येथे जन्मलेले विनायक दामोदर सावरकर यांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ जहाजातून उडी घेऊन फ्रेंच किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. याविरुद्ध फ्रान्समधील समाजवादी पत्रांनी आवाज उठविला आणि प्रकरण हेग येथील लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निर्णयात काही अनियमितता मान्य करूनही, कैदी परत करण्यास ब्रिटन बांधील नाही, असे ठरले.

याच काळात एक शांत, परंतु टिकाऊ कार्य पॅरिसमध्ये चालले होते. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासात या ग्रंथाचे स्थान मोलाचे मानले जाते. दरबारी आश्वासन वर्षभरात विरले. अभ्यासकाचे श्रम शतकानंतरही उपयोगी पडत आहेत.

वेल आली, हवामान आपले

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने स्थापन झाली. त्यापूर्वी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू झाले होते. पुढे, २०१३ मध्ये, एका फ्रेंच समूहाने दिंडोरी तालुक्यात तयार झालेली फेसाळ वाइन बाजारात आणली.

सोव्हिन्यों ब्लां, शनँ ब्लां, शिराज, कॅबरने सोव्हिन्यों या नाशिक परिसरात लावल्या जाणाऱ्या जाती मूळच्या फ्रान्सच्या. तेथे हिवाळ्यात वेल विश्रांती घेते आणि शरद ऋतूच्या सुमारास फळ निघते. आपल्याकडे वेलीला अशी झोप नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून शेतकरी तिच्याकडून वर्षाला एक पीक घेतो. काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. जात फ्रेंच असली तरी तिचे वेळापत्रक येथील बागायतदाराने बसविलेले आहे.

यातील जोखीमही समजून घेतली पाहिजे. खाण्याच्या द्राक्षाला व्यापारी न मिळाला, तर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष लहान मण्याचे, बियांचे असते; त्याला कारखान्यावाचून बाजार नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा अनेक वायनरी अडचणीत आल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा काढून टाकल्या. बाग उभी करण्यास वर्षे लागतात; काढण्यास काही दिवस पुरतात.

म्हणूनच व्यापारी वाटाघाटींचा संबंध थेट बांधावर पोहोचतो. विदेशी बाटलीबंद वाइनवर भारताने दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क ठेवले. युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू झालेल्या, २०१३ मध्ये थांबलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या वाटाघाटींत हे शुल्क कळीचा विषय होता. शुल्क उतरले की ग्राहकाला निवड मिळते. येथील उत्पादकाला मात्र गुणवत्तेच्या बळावरच उभे राहावे लागते.

नावाचे मोल

या बाबतीत फ्रान्सकडून घेण्यासारखी गोष्ट वेलीहून मोठी आहे. गावाचे नाव ही गावकऱ्यांची सामाईक मालमत्ता होय, हा विचार त्या देशाने १९३५ मध्ये उगमस्थानाच्या नावांसाठी राष्ट्रीय व्यवस्था उभारून पक्का केला. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि त्यानुसार ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंदणी झाली आहे. नोंदणी हा आरंभ होय. बागायतदार व कारखानदार यांच्यात लेखी आणि दीर्घ मुदतीचा करार, रसाच्या प्रतीनुसार भाव आणि मंदीच्या वर्षातही पाळला जाणारा शब्द, यांनीच त्या नावाला किंमत येईल.

पुणे दरबाराने परक्याच्या कुमकेची वाट पाहिली, परंतु तिच्यावर भिस्त ठेवली नाही. विंचूरच्या बागायतदारानेही तेच करणे हिताचे आहे.