जैवसंवेदक : जीवाची पारख आणि यंत्राची मोजणी

ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत उतरणारीं माणसें एके काळीं पिंजऱ्यांत एक लहानसा पिवळा कॅनरी पक्षी बरोबर नेत असत. खाणींत आग लागली किंवा स्फोट झाला म्हणजे तेथें कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो माणसाच्या कोणत्याही इंद्रियास कळत नाहीं, आणि कळूं लागतो तेव्हां हातपाय गळालेले असतात. परंतु पक्ष्याचा श्वास फार जलद चालत असल्यामुळें विषाचा परिणाम त्याच्यावर आधीं होतो. पक्षी दांडीवरून खालीं पडला कीं माणसांनीं मागें फिरावें. जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति सुचविली. आणि १९८६ सालीं, विजेवर चालणारीं यंत्रें आल्यावर, ब्रिटनच्या खाणींतून या पक्ष्यांस रजा देण्याचें ठरलें.

या पक्ष्याच्या गोष्टींत आमच्या आजच्या विषयाचें बीज आहे. जी वस्तु माणसास ओळखतां येत नाहीं ती ओळखण्याची शक्ति सृष्टिकर्त्यानें दुसऱ्या एखाद्या जीवास, किंवा जीवाच्या एखाद्या सूक्ष्म अंशास, दिलेली असते. ती शक्ति उसनी घ्यावयाची आणि तिला यंत्राची जोड देऊन तिच्याकडून आंकडा वदवावयाचा, हेंच जैवसंवेदकाचें तत्त्व होय. इंग्रजींत यास बायोसेन्सर असें म्हणतात.

प्रत्येक जैवसंवेदकाचे दोन भाग असतात. पहिला भाग पारखणारा. तो सजीवांपासून घेतलेला असतो. कधीं तें एखादें विकर, म्हणजे एन्झाइम असतें, कधीं रोगजंतूंशीं झगडण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेले प्रतिपिंड असतात, तर कधीं सबंध सूक्ष्मजीवच असतो. दुसरा भाग मोजणारा. पहिल्या भागानें जें ओळखलें, त्याचें विजेच्या प्रवाहांत किंवा प्रकाशांत रूपांतर करून तो आंकडा दाखवितो. सराफाच्या पेढीवर पारखी आणि तराजू हीं दोन्हीं लागतात. पारखी खरें सोनें ओळखील, पण त्याचें वजन त्यास सांगतां यावयाचें नाहीं. तराजू वजन सांगेल, पण सोनें आणि पितळ यांतील भेद त्यास कळावयाचा नाहीं. दोघे मिळालें म्हणजेच व्यवहार होतो.

आतां या तत्त्वानें माणसाचे प्राण कसे वांचतात तें पाहूं. मधुमेह हा रोग आपल्या देशांत प्राचीन काळापासून ज्ञात आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें आपल्या जुन्या वैद्यांनीं हेरलें होतें. पाहूं गेलें तर ती मुंगी म्हणजे पहिला जैवसंवेदकच. मात्र साखर किती, हें तिला सांगतां येत नसे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें एक निळें द्रावण तयार केलें. त्यांत साखरयुक्त मूत्र घालून तापविलें असतां साखरेच्या मानानें रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटीं विटकरी होतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः केलेला असेल.

परंतु या परीक्षेंत एक मोठें व्यंग आहे. निरोगी मनुष्याच्या १०० मिलिलिटर रक्तांत उपाशीपोटीं सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें असें धरलें, तर साऱ्या रक्तांतील साखर चार-पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरते! हें प्रमाण सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज मूत्रपिंडें सहसा साखर बाहेर सोडीत नाहींत. म्हणजे मूत्राची परीक्षा वाढलेल्या साखरेची वार्ता उशिरां देते, आणि कमी झालेल्या साखरेची वार्ता तर देतच नाहीं.

ही उणीव किती घातक, हें इन्शुलिनचा शोध लागल्यावर कळूं लागलें. १९२२ सालच्या जानेवारींत कॅनडामधील टोरोंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत अशा मुलांस मरणाखेरीज दुसरी वाट नव्हती. आतां ती मुलें जगूं लागलीं. परंतु हें औषध दुधारी आहे. तें कमी पडलें तर साखर चढते. अधिक झालें तर ती इतकी उतरते कीं रोग्यास घाम फुटतो, हात कांपतात, शुद्ध हरपते, आणि वेळीं साखर न मिळाल्यास प्राणावर बेततें. असें औषध हातीं आलें, पण त्याचें माप ठरविण्यासाठीं घरबसल्या रक्तांतील साखर मोजण्याचें साधन मात्र पुढें कित्येक दशकें मिळालें नाहीं.

त्या साधनाची वाट एका वेगळ्याच प्रश्नांतून निघाली. लेलंड क्लार्क हे अमेरिकन शास्त्रज्ञ हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तास बाहेरून प्राणवायु पुरविण्याच्या यंत्रावर काम करीत होते. रक्तांत प्राणवायु किती मिसळला, हें मोजावें कसें? प्लॅटिनमची तार रक्तांत ठेवून तिच्यांतून वीज खेळविली तर प्राणवायु मोजतां येतो. पण रक्तांतील इतर द्रव्यें तिच्यावर बसून ती निकामी होई. क्लार्क यांनीं त्या विद्युदग्रावर प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा ताणून बसविला. त्यांतून प्राणवायु आंत जाई आणि बाकीची गर्दी बाहेर अडे. १९५६ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

मग १९६२ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी लायन्स यांनीं याच विद्युदग्रापुढें ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाच्या विकराचा थर दोन पापुद्र्यांमध्यें कोंडून ठेवण्याची कल्पना मांडली. हें विकर १९२८ सालीं डेटलेव्ह म्युलर यांस अस्पर्जिलस नायगर या बुरशींत सांपडलें होतें. ही बुरशी म्हणजे कांहीं अपूर्व वस्तु नव्हे. स्वयंपाकघरांतील कांद्याच्या सालीखालीं जी काळी भुकटी दिसते, ती बहुधा तीच किंवा तिचीच जवळची बहीण असते. आपण जिला हात धुऊन टाकतों, तिच्याच अंशानें पुढें असंख्य लोकांचें आयुष्य सांवरून धरलें!

या विकराचा गुण असा कीं, रक्तांतील शेंकडों पदार्थांच्या गर्दींतून तें ग्लुकोजला नेमकें गांठतें. उसाच्या साखरेसही तें दाद देत नाहीं. ग्लुकोजचा आणि प्राणवायूचा तें संयोग घडवितें. त्यांतून ग्लुकॉनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतात. जितकें ग्लुकोज अधिक, तितका प्राणवायु अधिक खर्च होणार आणि तितकें पेरॉक्साइड अधिक तयार होणार. यांपैकीं कोणतेंही एक विजेच्या साह्यानें मोजलें कीं साखर किती, तें कळलें. या तत्त्वावरील यंत्र १९७५ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें; परंतु तें प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवण्याजोगें होतें. १९८४ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं प्राणवायूच्या जागीं फेरोसीन नांवाच्या लोहयुक्त पदार्थाची योजना केली, आणि त्यायोगें १९८७ सालीं लेखणीएवढें यंत्र बाजारांत आलें. आज जें यंत्र घरोघर दिसतें, तें याच घराण्यांतलें. त्यास रक्ताचा एक लहानसा थेंब पुरतो आणि कांहीं सेकंदांत आंकडा मिळतो. २०२० सालच्या साथींत नाकांतील स्राव तपासण्यासाठीं ज्या पट्ट्या आपण पाहिल्या, त्यांत पारख करणारे प्रतिपिंड होते. त्यासुद्धां या कुळाच्या आप्तच म्हणावयाच्या.

वैद्यकांत जी अडचण, तीच कारखान्यांत. आपल्या महाराष्ट्रांत साखर कारखाने पुष्कळ, आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या भट्ट्याही पुष्कळ. त्यांचें सांडपाणी ओढ्यांत शिरलें तर पाण्यांतील सूक्ष्मजीव त्यांतील अन्नावर तुटून पडतात व पाण्यांतील प्राणवायु संपवितात. मग मासे तडफडून मरतात. म्हणून एक लिटर पाण्यांतील घाण खातांना सूक्ष्मजीवांस किती प्राणवायु लागतो, यावरून पाण्याचा मळ मोजतात. आपल्या देशांतील प्रचलित रीतीप्रमाणें पाण्याचा नमुना २७ अंश उष्णतेंत तीन दिवस ठेवावा लागतो; पूर्वापार पद्धतींत २० अंशांवर पांच दिवस. तीन दिवसांनीं उत्तर हातीं येतें, तोंवर तें पाणी कोसच्या कोस पुढें वाहून गेलेलें असतें!

१९७७ सालीं जपानांतील इसाओ कारुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर तोडगा काढला. क्लार्क यांच्याच प्राणवायु-विद्युदग्रावर त्यांनीं जिवंत सूक्ष्मजीवांचा थर बसविला. घाण पाणी आलें कीं ते जीव खाऊं लागतात, प्राणवायु ओढून घेतात, आणि विद्युदग्रापर्यंत तो कमी पोहोंचतो. दिवसांचें काम अशा रीतीनें मिनिटांवर येतें. औषधें किंवा यीस्ट तयार करण्याच्या मोठमोठ्या पिंपांत साखर किती उरली हें पाहण्यासही असे संवेदक उपयोगीं पडतात.

परंतु येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत धरावी. समजा, कारखान्याच्या पाण्यांत घाणीबरोबर विषही आलें आणि त्यानें संवेदकावरील जीवच मेले. मग काय होईल? मेलेले जीव प्राणवायु घेणार नाहींत. विद्युदग्रास तो भरपूर मिळेल. आणि यंत्र सांगेल कीं पाणी निर्मळ आहे! खाणींतील पक्षी मरून इशारा देई. येथें साक्षीदार मेला तर त्याच्या मौनाचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा होतो. म्हणूनच अशा यंत्रावर अधूनमधून ज्ञात पाण्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि दिवस मोजणारी जुनी पद्धति अद्याप बाद झालेली नाहीं.

घरांतील यंत्रासही हाच न्याय लागू आहे. आंबा चिरलेल्या हातानें, हात न धुतां, बोट टोंचलें तर रसांतील साखर थेंबांत मिसळते आणि आंकडा खोटा चढतो. पट्टीवरील विकर नाजूक असतें; डबीचें झांकण उघडें राहिलें, पावसाळी दमट हवा आंत शिरली, किंवा पट्टीची मुदत संपली, तर पारखीच आजारी पडतो. रक्त फिकें असलेल्या रोग्याच्या बाबतींत कित्येक यंत्रें साखर वाजवीपेक्षां अधिक दाखवितात. शिवाय सर्व कांहीं ठीक असलें तरीही थोडी चूक राहतेच. १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांतसुद्धां १०० मिलिग्रॅमच्या खालीं १५ मिलिग्रॅमपर्यंत, आणि त्याच्या वर शेंकडा १५ पर्यंत फरक चालवून घेतला आहे. म्हणून या यंत्राचा आंकडा साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजूं नये. रोग आहे कीं नाहीं याचा निर्णय प्रयोगशाळेनें व डॉक्टरांनींच करावयाचा, आणि औषधाचें माप त्यांस विचारूनच बदलावयाचें.

शेवटीं आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस दोन शब्द. एखाद्या वर्गांत एखादा मुलगा किंवा मुलगी तास चालू असतां बोट टोंचून थेंब पट्टीवर ठेवते, किंवा तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटविलेली दिसते. ती चकती त्वचेखालील द्रवांतील साखर दर थोड्या मिनिटांनीं मोजीत असते. अशा वेळीं सोबत्यांनीं हंसूं नये, टक लावून पाहूं नये, आणि हा रोग स्पर्शानें जडतो अशी वेडगळ समजूत तर मुळींच बाळगूं नये. उलट, तो सोबती घामाघूम होऊन भलतेंच बोलूं लागला, तर शुद्धीवर असतांनाच त्यास साखर किंवा गोड सरबत द्यावें. गिळण्याइतकी शुद्ध नसेल तर तोंडांत कांहीं न घालतां लगेच शिक्षकांस हांक मारावी व डॉक्टरांकडे न्यावें. यंत्र आंकडा दाखवील. पण तो वाचून धांवून जाणारें मन यंत्रांत बसवितां येत नाहीं. तें आपलें आपणांसच घडवावें लागतें.