कोपीवरील बालके आणि साबणाची वडी

दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी शाळांतून जागतिक हात धुवा दिन साजरा होतो. २००८ पासून हा दिवस पाळला जात आहे. मुले नळापाशी ओळीने उभी राहतात, हात कसे चोळावे ते शिक्षक दाखवितात आणि वृत्तांताच्या वहीत नोंद होते. याच सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील अनेक घरांना कुलुपे लागू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊसपट्ट्यातील कारखान्याच्या वाटेला लागते. बरोबर धाकटी पोरे असतातच. गावच्या शाळेत हात धुण्याचा धडा नुकताच गिरविलेले बालक महिनाभरात उसाच्या फडालगतच्या कोपीत राहावयास येते. तेथे नळ नसतो.

ही कुटुंबे बेघर म्हणावयाची की नाही, यावर वाद घालता येईल. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. उघड्यावर, पदपथावर किंवा पुलाखाली राहणाऱ्यांची ती गणना होती. कोपीला तट्ट्याच्या भिंती आणि पाचटाचे छप्पर असते, म्हणून ती त्या व्याख्येत बहुधा बसत नाही. परंतु पाणी, न्हाणी आणि शौचकूप यांच्या दृष्टीने पाहिले, तर पदपथ आणि कोपी यांत फारसे अंतर उरत नाही.

फडाजवळच्या एका शाळेत असे घडले. गुरुजींनी स्वतःच्या पदराला खार लावून कोपीवरून येणाऱ्या प्रत्येक मुलास अंगाच्या साबणाची एकेक वडी दिली. पंधरा दिवसांनी पाहतात तो मुलांचे हातपाय पूर्वीसारखेच. गुरुजींना वाईट वाटले. मनात रागही आला असेल. मग एका सायंकाळी ते वस्तीवर गेले. एका कोपीत ती वडी वेष्टनासह पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती. मुलीची आई म्हणाली, ‘‘गुरुजी, पाणी आणायला पाऊण कोस जावं लागतं. दोन हंडे आणते, त्यात भाकरी करू का पोरं धुऊ?’’ ती पहाटे चारला फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते आणि अंधार पडल्यावर परतते. तिला स्वच्छतेचे महत्त्व पटवून देण्याची गरज नव्हती.

या प्रसंगावरून साहित्यवाटपाचा हिशेब कसा करावा, हे ध्यानात येईल. आपत्तीत विस्थापित झालेल्यांसाठी जगभर मानण्यात येणारे एक प्रमाण आहे. त्यानुसार माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि दरमहा २५० ग्रॅम अंगाचा व २०० ग्रॅम कपड्यांचा साबण लागतो. पाच माणसांच्या कोपीस दिवसाला ७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पाच हंडे पाणी आणि महिन्याला शंभर ग्रॅमच्या साडेबारा वड्या व एक किलो धुण्याचा साबण झाला. हे गणित चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. वस्तीत वीस कोप्या असतील, तर अडीचशे वड्या. हा भार एका शिक्षकाच्या पगारावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि हा आकडा कागदावर मांडून कारखान्याच्या शेती विभागाकडे व ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करणे शिक्षकास अशक्य नाही. मागणीत पाण्याच्या टाकीचा उल्लेख साबणाच्या आधी असावा. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात पुष्कळ गावांनी नाव कमावले. मात्र गावाच्या शिवेवरची कोपी आपल्या गावची, असे समजणारी गावे थोडी, हेही सांगितले पाहिजे. ज्या गाडगेबाबांच्या नावाने हे अभियान चालले, त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी उघड्यावर पडणाऱ्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या.

पाणी थोडे असले तरी हात धुता येतात. पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घेऊन तोंडाजवळ बारीक छिद्र पाडावे, तो दोन काठ्यांमध्ये आडव्या दांडीवर टांगावा आणि दोरीने जमिनीवरच्या काठीस बांधावा. काठीवर पाय देताच डबा कलतो आणि बारीक धार पडते. एका तांब्यात अनेकांचे हात धुऊन होतात, शिवाय डब्याला हात लागत नाही. साबण जाळीदार पिशवीत किंवा जुन्या मोज्यात घालून त्याच दांडीला टांगावा. दगडावर ठेवलेली वडी ओलाव्याने विरघळते किंवा कुत्रे पळविते. हे उपकरण मुलांकडून शाळेत करवून घ्यावे आणि दुसरे वस्तीवर बसवावे.

पाठासाठी आणखी एक प्रयोग सोपा आहे. मुलांच्या हातांना थोडे तेल लावून त्यावर खडूची भुकटी टाकावी. एकाने नुसत्या पाण्याने, दुसऱ्याने चुलीच्या राखेने आणि तिसऱ्याने साबणाने हात धुवावे. नुसत्या पाण्याने तेलकटपणा जात नाही, हे मुले स्वतःच सांगतील. साबण तेलाला पाण्यात मिसळावयास लावतो, म्हणून मळासह जंतूही वाहून जातात. राखेची मात्र थट्टा करू नये. साबण नसेल तेथे स्वच्छ कोरडी राख चोळणे काहीच न करण्यापेक्षा बरे. मातीने हात धुणे टाळावे, कारण वस्तीभोवतालच्या मातीत जनावरांची व माणसांची विष्ठा मिसळलेली असते.

खरजेविषयी विशेष लिहिणे अवश्य आहे. उसाच्या कुसळांनी अंगाला खाज सुटते, म्हणून खरूज पुष्कळदा ध्यानातच येत नाही. बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर पुरळ असेल आणि रात्री खाज वाढत असेल, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. तोवर एका वाकळेत निजणाऱ्या सर्वांना ती लागलेली असते. म्हणून औषध एकट्या मुलास देऊन भागत नाही, सगळ्या कोपीने एकाच दिवशी लावले पाहिजे. कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. जे धुता येत नाही, ते पिशवीत तोंड बांधून तीन-चार दिवस ठेवले तरी किडे मरतात. तेव्हा बादली, धुण्याचा साबण आणि एक जादा चादर हे साहित्य खरजेच्या मलमाइतकेच आवश्यक ठरते.

वयात आलेल्या मुलींचा प्रश्न शिक्षिकेने किंवा आशाताईंनी हाताळावा. पॅडची पाकिटे वाटून हात मोकळे करून घेऊ नयेत. वापरलेले पॅड टाकावयाचे कोठे, हे आधी पाहावे. सुती कापड वापरणाऱ्या मुलीस साबण, पाणी आणि कापड उन्हात वाळविण्यास आडोसा लागतो. आडोशाअभावी ते कोपीत दमट कोपऱ्यात वाळते आणि त्यातून विकार जडण्याचा धोका असतो. चार बांबू आणि जुन्या तट्ट्यांची न्हाणी वस्तीतील माणसे एका सुटीच्या दिवशी उभी करू शकतात. कोणी तरी विषय काढावा लागतो इतकेच.

वाटप करताना वर्गात उभे करून नावे पुकारू नयेत, छायाचित्रे काढू नयेत. उवा तपासावयाच्या तर साऱ्या वर्गाच्या तपासाव्या. गावातील मुलांच्या डोक्यातही त्या सापडतील. साहित्य आईच्या हाती सायंकाळी द्यावे आणि ते पुरले का, हे पुढील महिन्यात विचारावे.

हंगाम संपून कुटुंब परतू लागले की शिक्षण हमी पत्रकासोबत एक साधी चिठ्ठी द्यावी. मुलाचे वजन, खरजेचा उपचार केव्हा झाला, कोणती लस राहिली, एवढे तीत असावे. मूळ गावच्या शिक्षकाने ती वाचून जपावी आणि दिवाळीपूर्वी मूल पुन्हा निघेल, तेव्हा नवी भर घालून त्याच्या दप्तरात ठेवावी.