लिनक्सवर वायफाय दिसत नाही? नवीन कार्ड घेण्याआधी हे तपासा



जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की तो मुलांच्या अभ्यासाला पुन्हा उपयोगी पडतो. पण वायफाय दिसलं नाही की "कार्ड गेलं" असं म्हणून आपण मोकळे होतो. अनेकदा कार्ड चांगलं असतं, अडचण ड्रायव्हरची असते. ड्रायव्हर म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. खालच्या कमांड टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

१) 'आरएफकिल लिस्ट' : 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' द्या. 'हार्ड ब्लॉक्ड'ला 'येस' असेल तर लॅपटॉपवरचं वायफायचं बटण बघा.

२) 'एलएसपीसीआय -एनएनके' : इथे कार्डाचं नाव दिसतं. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल तर ड्रायव्हर जोडलेलाच नाही.

३) 'सुडो डीमेसेज' : फर्मवेअर लोड झालं नाही असा संदेश आला, तर ड्रायव्हर आहे पण कार्डाला लागणारी फाइल नाही. इंटेलच्या कार्डांना ही फाइल लागतेच. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या आणि लिनक्स-फर्मवेअर पॅकेज टाका.

४) कर्नलची रचना : 'बूट' फोल्डरमधली 'कॉन्फिग'ने सुरू होणारी फाइल उघडा. पर्यायापुढे 'वाय' म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला. 'एम' म्हणजे वेगळं मॉड्यूल, लागेल तेव्हा लोड होणारं. 'इज नॉट सेट' म्हणजे ड्रायव्हर तयारच केलेला नाही. मग 'मॉडप्रोब' कितीही वेळा चालवा, उपयोग नाही.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी 'सीएफजी८०२११', मग 'मॅक८०२११', त्यावर कार्डाचा ड्रायव्हर, उदा. एथेरॉसचा 'एटीएच९के'. खालची पायरी बंद असेल तर वरचा पर्याय मेनूत दिसतच नाही, अगदी हातच्याशिवाय बेरीज जमत नाही तसं!

फर्मवेअर लागणाऱ्या ड्रायव्हरला शक्यतो 'एम' ठेवा. 'वाय' दिलं तर डिस्क जोडली जाण्याआधीच तो फाइल मागतो आणि ती सापडत नाही.

उबंटूसारख्या तयार लिनक्समध्ये हे पर्याय सहसा चालू असतात, त्यामुळे पहिल्या तीन पायऱ्यांतच बहुधा काम होतं. चौथी पायरी मुख्यतः स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी.

मोठ्या मुलांना सोबत घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, काय झालं ते वहीत लिहायचं, मगच पुढे जायचं. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच तर शिकवतो!