दिवा विझला पाहिजे

पोरी, नवं घर लावलंस, गीझर बसवलास, फ्रिज आणलास. आता या वस्तूंच्या पोटात जो थर्मोस्टॅट बसलेला असतो तो कधी बदलायचा, हे मामाकडून ऐकून ठेव. थंडीच्या देशांत तो भिंतीवर असतो आणि सगळं घर त्याच्या हुकमावर तापतं. आपल्या वाशिम जिल्ह्यात घर तापवावं लागत नाही, त्यामुळे आपला थर्मोस्टॅट गीझरमध्ये, फ्रिजमध्ये आणि इस्त्रीत लपलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची आठवण कुणाला होत नाही, आणि तो बिघडला की दोष भलत्यालाच जातो.

तुझ्या आजीच्या काळी अंगणात तांब्याचा बंब होता. पऱ्हाट्या, तुराट्या घालून पेटवायचा. पाणी जास्त तापलं तर जाळ मागे ओढायचा. म्हणजे थर्मोस्टॅटचं काम आजीचा हात करायचा. आज ते काम एका बारीकशा दांडीवर सोपवून आपण स्वयंपाकघरात निघून जातो. तेवढ्यासाठी तरी ती दांडी धड आहे की नाही हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी एक गोष्ट पक्की कर. थर्मोस्टॅट दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर तो करंट पुढे जाऊच देत नाही, मग पाणी गार राहतं. नाहीतर तो करंट तोडतच नाही, मग पाणी तापतच राहतं. पहिला बिघाड ही नुसती गैरसोय आहे. दोन दिवस गॅसवर पाणी तापव, मिस्त्री सवडीने येऊ दे. दुसरा बिघाड मात्र धोक्याचा आहे, त्याला एक तासही द्यायचा नाही. बटण बंद, प्लग बाहेर, आणि नवा थर्मोस्टॅट बसेपर्यंत गीझरला हात लावायचा नाही. मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात हा फरक माझ्या डोक्यात घातला होता.

आता हे होतं कसं ते समजून घे. गीझरच्या दांडीत बाहेर पितळेची नळी असते आणि आत फारच कमी फुगणाऱ्या धातूची काडी. पाणी तापलं की पितळ लांबतं, काडी जागीच राहते, आणि त्या केसभर फरकाने वरचे दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतात. इस्त्रीत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी वाकते, तत्त्व तेच. अशी पट्टी वापरून अँड्र्यू यूर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, कापडगिरण्यांतली उष्णता सांभाळायला. आपल्या कापसाच्या मुलखाला हे सांगायला मला आवडतं.

पॉइंट सुटतात तेव्हा दर वेळी बारीक ठिणगी पडते. 2000 वॅटच्या गीझरला जवळजवळ 9 अँपिअर करंट लागतो, त्यामुळे ठिणगी लहान असली तरी चावरी असते. जुना थर्मोस्टॅट उघडून बघ, एका पॉइंटवर काळा खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसेल. धातू इकडून उडून तिकडे बसलेला असतो. भोवतीचं काळं बेकेलाइट कडेने तपकिरी झालेलं असतं, तारेच्या टोकाचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं असतं, आणि नाकाजवळ नेलं तर करपट वास येतो. असा थर्मोस्टॅट आज चालत असला तरी परत बसवू नकोस. हेच पॉइंट एक दिवस एकमेकांना डकतात, आणि मग करंट तुटतच नाही.

पण प्रत्येक वेळी उघडून बघायची गरज नाही. गीझरवरचा तापण्याचा दिवा हीच तुझी खूण. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटच्या गीझरला पस्तीसेक मिनिटं लागतात. 15 लिटरला वीस-बावीस. नवा असताना तुझा गीझर किती वेळात दिवा विझवतो ते घड्याळ लावून बघ आणि आतल्या दाराला खडूने लिहून ठेव. पुढे तो दुप्पट वेळ लावायला लागला, किंवा दिवा विझतच नाही, नळातून पाण्याआधी वाफ फुसफुसते, टाकीतून खदखद ऐकू येते, सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम पाणी सारखं ठिबकतं, तर समज की थर्मोस्टॅट करंट तोडत नाही. याउलट पाणी कोमट असतानाच दिवा विझत असेल, एका दिवशी कढत आणि दुसऱ्या दिवशी गार येत असेल, तर तो थकलाय. तो पण बदलायचाच, पण घाई नाही.

इथे थांब आणि विजेकडे बघ. आपल्याकडे, विशेषतः खेड्यात, ऐन रब्बीत मोटारी सुरू असल्या की व्होल्टेज पडतं. 230 चं 180 झालं तर गीझरची ताकद पाच भागांतले तीन भाग उरते, आणि पस्तीस मिनिटांचं काम जवळजवळ तासाचं होतं. पंखा मंद फिरतोय, बल्ब पिवळा पडलाय, आणि गीझरला वेळ लागतोय, तर थर्मोस्टॅटला हात लावू नकोस. त्याचा काहीच दोष नाही. चांगले थर्मोस्टॅट काढून फेकलेले मी पाहिलेत, केवळ डीपीवरचा भार कुणी पाहिला नाही म्हणून.

दुसरा गुन्हेगार पाणी. वाशिम शहरात एकबुर्जीचं पाणी येतं ते एक वेळ बरं, पण बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तेच पाणी गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतं. थर दांडीच्या नळीवरही बसतो आणि मग थर्मोस्टॅटला पाण्याची खरी ऊब कळत नाही. कॉइल थराखाली तळमळते, गीझर कुरकुरल्यासारखा आवाज करतो. म्हणून बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी कोजागिरी झाली की गीझर उघडून क्षार काढून घ्यायचा आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट तपासायचा. हिवाळ्याच्या तोंडावर हे झालं की पौष-माघात पहाटे अडत नाही. मॅग्नेशियमची कांडी असेल तर तीही बघायला सांग; ती झिजून टाकीला गंजापासून वाचवते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, थर्मोस्टॅट मिळत नाही, तोवर डायरेक्ट करून देतो.’ डायरेक्ट म्हणजे दोन तारा एकमेकींना जोडून थर्मोस्टॅट वगळणे. त्याच्यासोबत कटआउटही वगळतात, कारण तोच सारखा ट्रिप होत असतो. तो ट्रिप होतो म्हणजे तो आपलं काम करतोय! पाणी हद्दीबाहेर तापलं म्हणून त्याने वीज तोडली. त्यात वर सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून कुणी त्याला दोरा गुंडाळून बूच मारलं, तर बंद टाकीत वाफ कोंडते आणि टाकी फुटू शकते. तीन रखवालदार असतात, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह. एकालाही झोपवू द्यायचं नाही. मिस्त्री कितीही ओळखीचा असो, ‘डायरेक्ट नको’ एवढे दोन शब्द बोलायला लाजू नकोस.

आकडा 60 वर ठेव आणि बादलीत आधी गार पाणी घे, मग गरम. 60 अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. आणि बादलीत टाकायच्या रॉडला सहसा थर्मोस्टॅट नसतो, तो लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.

फ्रिजचं वेगळं आहे. मे महिन्यात वाशिमला पारा 43 च्या आसपास असतो तेव्हा फ्रिज जास्त वेळ चालणारच. आधी दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लाव. नोट सहज ओढली गेली तर रबर गेलंय, थर्मोस्टॅट नाही. मागे भिंतीला चिकटवला असेल तर पुढे ओढ. मग नॉब शून्यावर ने. ‘टक’ आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबला तर ठीक, थांबलाच नाही तर थर्मोस्टॅट डकलाय. दूध गोठतंय, भाजीवर बर्फ धरतोय, ही त्याचीच लक्षणं. लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर घुर्र करून टक, पुन्हा घुर्र, टक, असं करत असेल तर तो थर्मोस्टॅट नव्हे, ओव्हरलोड आहे. प्लग काढून पाच मिनिटं थांब.

इस्त्रीचा दिवा विझत नसेल आणि सुती कपड्याला सुद्धा पिवळा डाग पडत असेल, तर तीही बाजूला ठेव.

नवा थर्मोस्टॅट घेताना जुना सोबत ने. दांडीची लांबी आणि टोकं जुळली पाहिजेत, त्यावर गीझरच्या करंटला पुरेल असा 16 किंवा 20 अँपिअरचा आकडा छापलेला हवा, आणि आयएसआयचा शिक्का बघूनच घे. काही शे रुपयांचा भाग आहे, त्यात घासाघीस करून नक्कल घेऊ नकोस. दांडी कोरड्या नळीत बसते, त्यामुळे फक्त तीच बदलायची असेल तर टाकी रिकामी करावी लागत नाही. पण मेन बंद केल्याशिवाय, टेस्टर लावून पाहिल्याशिवाय झाकण उघडू द्यायचं नाही. वर्षात दोनदा थर्मोस्टॅट गेला तर तिसरा घेऊ नकोस. ढिली वायर, जळका सॉकेट किंवा फुटायला आलेली कॉइल शोधायला सांग. टाकीच गळत असेल तर नवा गीझर घे.

आणि अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, आणि मग तार असून नसल्यासारखी. एप्रिल-मे महिन्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओत, आणि घरमालकाकडून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घे.

मिस्त्रीचं काम झालं की लगेच पैसे देऊ नकोस. त्याला चहा दे, गीझर लाव, आणि दिवा विझेपर्यंत बसवून ठेव. दिवा विझला की पैसे दे.