घोड्यावरचा आधी पडतो

पुण्यात वाढदिवसांची सजावट करणारा एक डेकोरेटर नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी बजावतो : खोली बंद असेल तर शिडीच्या घोड्यावर चढायचं नाही. का, असं विचारलं की एका क्लबहाउसमधली हकिगत निघते. "एसी चालू, म्हणून खिडक्या बंद. सिलेंडरच्या तोंडाशी गळती होती, पण गाण्यांच्या आवाजात सूं सूं ऐकू कुठली येणार! मी खाली बसून फुगे भरत होतो, मला काहीच झालं नाही. छताला फुगे बांधणारा पोरगा मात्र बोलता बोलता खाली आला."

खोली एकच, मग पडला एकटाच कसा? फुग्यांत भरायचा हेलियम हवेच्या साधारण एक सप्तमांश वजनाचा. स्वयंपाकाचा गॅस गळला तर जमिनीलगत पसरतो. हेलियम छताखाली साठतो आणि तिथला ऑक्सिजन रेटून बाजूला काढतो. त्याला रंग नाही, वास नाही. शिवाय श्वास कोंडल्यावर आपल्याला जी घुसमट जाणवते, ती रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन कमी पडतोय, हे शरीर तसं ओरडून सांगत नाही. म्हणून कुणी कोसळलं तर आधी दारं-खिडक्या सताड उघडायच्या. नुसतं आत धावणारा स्वतःही आडवा होऊ शकतो.

तो डेकोरेटर आता फुगे व्हरांड्यातच भरतो. वाऱ्याने दोऱ्या गुंततात, वेळ जास्त जातो. तो वेळ बिलात लावतो, आणि लावावाच.

हेलियमला निरुपद्रवी म्हणायची सवय हायड्रोजनमुळे लागली. जत्रेतले काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम एकत्र करून टाकीतच हायड्रोजन तयार करतात, आणि अशा टाक्या फुटून माणसं मेली आहेत. हेलियम पेटत नाही, हे खरंच. पण भरलेल्या सिलेंडरमधला दाब दीडशे बारच्या आसपास असतो, मोटारीच्या टायरच्या साठ-सत्तर पट. सिलेंडर पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो सुटलेल्या बाणासारखा भिंतीवर जातो. त्यामुळे तो उभा, साखळीने बांधलेला हवा; हलवताना टोपी घट्ट, भरताना रेग्युलेटर लावलेला. बंद काचांच्या गाडीत तो नेणं म्हणजे पुन्हा तीच बंद खोली.

आवाज चिरका करण्याची गंमत तर नकोच. हेलियममधून ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो, म्हणून आवाज बदलतो. जपानमध्ये 2015 साली टीव्हीच्या चित्रीकरणात बारा वर्षांच्या एका गायिकेने अशाच खेळासाठी मिळणाऱ्या कॅनमधला वायू ओढला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत बुडबुडे अडकून ती बेशुद्ध पडली. थेट सिलेंडरला तोंड लावलं तर फुप्फुसं फाटू शकतात.

द्रवरूपात हाच वायू उणे 269 अंशांवर असतो आणि एमआरआय यंत्रातलं चुंबक थंड ठेवतो. एका लिटरचा साडेसातशे लिटरच्या आसपास वायू होतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या बोगद्यात 19 सप्टेंबर 2008 रोजी विजेच्या एका जोडातल्या बिघाडामुळे सुमारे सहा टन हेलियम निसटला. आत तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून माणसं वाचली.

सिलेंडर घेताना नुसत्या रंगावर जाऊ नये. हेलियमचा तपकिरी, हायड्रोजनचा लाल. पण रंग उडतो, कुणी वरून फासतोही. व्हॉल्व्हचे आटे बघावेत : ज्वलनशील वायूचे उलटे, हेलियमचे सुलटे. चाचणीची कोरलेली तारीख वाचता येत नसेल, लेबल नसेल, तर माल दारातूनच परत.