कडी लागली, की लागल्यासारखी वाटली?

प्रश्न : माझं शिरोली एमआयडीसीत लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. पुतण्या अमेरिकेत असतो. तो आणि त्याचे मित्र मिळून गॅरेजमध्ये चार आसनी विमान जोडताहेत. ‘काका, दरवाजाच्या खिट्टीच्या पिना तुम्ही करून द्या,’ म्हणून त्यानं ड्रॉइंग पाठवलं. ते बघून प्रश्न पडला. एवढी यातायात कशासाठी? मोटारीच्या दाराचं हँडल आणि लॉक उचलून बसवलं तर काय बिघडतं? आणि असल्या विमानाला किल्लीचं कुलूप असतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरी विमान बांधणं ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं आणि २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात हजारो लोकांनी पाहिलं. अमेरिकेत मात्र हा रीतसर छंद आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असेल, तर ते विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. हा शब्द आत शिरण्याच्या जागेजवळच, ५ ते १५ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत रंगवावा लागतो. म्हणजे तुमचा पुतण्या ज्या दाराच्या पिना मागतोय, त्याच दाराशेजारी ही पाटी येणार. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या दरवाजाला सरकारी नियमांची परीक्षा द्यावी लागते. इथे कारखानदार तोच आणि परीक्षकही बराचसा तोच. म्हणून त्यानं ड्रॉइंग पाठवण्याची तसदी घेतली, हे मला फार आवडलं.

आधी दारावर येणारा जोर बघू. घरात बसून वाटतं की वारा दार आत ढकलत असेल. घडतं उलटं. विमानाच्या फुगीर अंगावरून हवा वेगानं सरकते, तिथला दाब उतरतो आणि दार बाहेर ओढलं जातं. ढोबळ हिशेब करता येईल. दार पाऊण चौरस मीटरला थोडं कमी, म्हणजे ०.७ चौरस मीटर धरा, आणि बाहेरचा दाब वाऱ्याच्या पूर्ण दाबाच्या निम्म्यानं कमी झाला असं माना. ताशी १०० किलोमीटरला दार साधारण १७ किलो वजनाच्या जोरानं बाहेर खेचलं जातं. ताशी ३०० किलोमीटरला तोच आकडा दीडशे किलोच्या घरात जातो, कारण वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. जमिनीवर उभ्या विमानाचं दार नुसत्या रबरी पट्टीच्या घर्षणानंही बंद राहील. धावपट्टीवर वेग वाढू लागला की मग खरं काय ते कळतं. त्यामुळे दार उघडण्याचे पुष्कळसे प्रकार उड्डाणाच्या वेळी किंवा लगेच नंतर होतात, नेमके वैमानिकाचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष गुंतलेलं असताना.

यावरून वाटेल की खिट्टी दणकट केली म्हणजे झालं. पण दीडशे किलो पेलणारी पोलादी पिन तुमच्या वर्कशॉपमध्ये दुपारभरात तयार होईल. ताकदीमुळे फसलेली दारं थोडी. फसतात ती अर्धवट लागलेल्या खिट्टीमुळे. लॉक निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन : हे अर्धवट लागलं तर आत बसलेल्या माणसाला ते कळेल का, आणि कळलं नाही तर दार कितपत टिकेल?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे व्हॅन्स एअरक्राफ्ट या ओरेगनमधल्या कंपनीचं आरव्ही-१०. चार आसनांचं, २००३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं आणि हौशी लोकांत अतिशय मान मिळवलेलं विमान. विमानाचं अंग अॅल्युमिनियमचं, पण दरवाजे फायबरग्लासचे, वरच्या बाजूला बिजागरी असलेले. पंख पसरल्यासारखे वर उघडतात. हँडल फिरवलं की रॅक-पिनियनवर एक पिन पुढे सरकते, एक मागे, आणि दोन्ही चौकटीतल्या भोकांत शिरतात. रचना साधी आणि देखणी आहे. अडचण अशी की दाराच्या दोन कवच्या बांधणाराच चिकटवतो, आणि चिकटवताना थोडा पीळ राहिला की दाराचा मागचा खालचा कोपरा किंचित बाहेर फुगतो. मग हँडल पूर्ण फिरतं, हाताला बरोबर बसल्यासारखं लागतं, पुढची पिन भोकात जाते आणि मागची भोकाच्या बाहेरून निघून जाते. आतून सगळं ठीक दिसतं. पुढच्या काही मिनिटांत वारा तो कोपरा पकडतो. अशी काही दारं हवेत निघून गेली. निघालेलं दार शेपटीवर आदळण्याची भीती वेगळीच.

कंपनीनं पुढे प्रत्येक दाराला आणखी एक स्वतंत्र खिट्टी लावायला सांगितलं. मुख्य पिना चुकल्या तरी दार धरून ठेवणारी. शिवाय दार लागलं नसेल तर पॅनेलवर दिवा लागण्याची सोय हौशी लोक करतात. तुमच्या पुतण्याला एक गोष्ट मुद्दाम सांगा : त्या दिव्याचा स्विच हँडलपाशी नको, पिनेचं टोक जिथे पोचायला हवं तिथेच हवा. हँडलपाशी लावलेला स्विच हँडल फिरलं एवढंच सांगतो, आणि ते वैमानिकाला आधीच ठाऊक असतं. पिन चौकटीच्या आरपार येऊन टोक आतून डोळ्यांना दिसेल अशी रचना जमली, तर ती मला दिव्यापेक्षाही जास्त विश्वासाची वाटते. टोकाला लाल-हिरवा रंग द्यावा.

हे शहाणपण तसं जुनं आहे. बर्ट रुटान यांनी सत्तरच्या दशकात फोम आणि काचतंतूंची व्हेरीईझी आणि मग लाँग-ईझी ही विमानं आरेखली. त्यांना दार नाही, बाजूला उघडणारं पारदर्शक झाकण आहे, ज्याला कॅनोपी म्हणतात. लाँग-ईझीच्या आराखड्यात त्या झाकणाला दुसरी पकड आहे आणि भोंगाही आहे. कॅनोपी नीट लागलेली नसताना वैमानिकानं थ्रॉटल पुढे सारलं की भोंगा वाजतो. विसराळूपणा ज्या क्षणी महागात पडतो, त्याच क्षणी, त्याच हाताच्या हालचालीला इशारा बांधून टाकला आहे. इतका नेमका विचार फार थोड्या यंत्रांत दिसतो.

हँडलच्या ठेवणीतूनही पुष्कळ साधता येतं. सेसना १७२ मध्ये लॉक केलेलं हँडल हाताच्या टेकूबरोबर सपाट होऊन बसतं. ते वर दिसलं की काहीतरी राहिलंय हे लगेच कळतं. पायपर चेरोकीला एकच दार आणि त्याला दोन कड्या, एक मधोमध आणि एक छताशी. वरची विसरण्याचा प्रकार इतका नेहमीचा की शिकवणारे ती हात लावून तपासायला लावतात. घरी बांधणाऱ्यानं शक्यतो एकाच हालचालीत सगळ्या पिना बसतील असं करावं. बंद स्थितीत हँडल अंगाशी मिटून राहावं, म्हणजे बाही, हेडसेटची वायर किंवा शेजाऱ्याचा गुडघा त्यात अडकणार नाही. आणि उघडायला दोन कृती असाव्यात, आधी बटण दाबायचं, मग फिरवायचं.

आता मोटारीचं लॉक. हौशी लोक ते वापरतात, विशेषतः खेकड्याच्या नांगीसारखी मिटणारी फिरती पकड. तिच्यात एक मोठा गुण आहे : दोन टप्पे. दार जोरात लागलं नाही तरी पहिल्या टप्प्यावर अडकतं, सुटून जात नाही. हा गुण जरूर घ्यावा. मोटारीचं बाकीचं सगळं मात्र सोडावं. विजेवर उघडणारी लॉकं नकोत, कारण अपघातानंतर वीज असेलच असं नाही. मुलांसाठी असलेली आतून न उघडणारी सोय तर मुळीच नको. शिवाय मोटारीच्या दाराची बिजागरी पुढच्या कडेला असते. ते सुटलं तरी समोरचा वारा त्याला मिटवत राहतो. तीच पकड वर उघडणाऱ्या दाराला लावली की हा आधार गेला. बिजागरी मागच्या कडेला असेल, तर विचारूच नका.

दार हवेत उघडलंच तर? पुढे बिजागरी असलेलं दार बहुधा धाडकन उघडतं आणि मग थोडीशी फट ठेवून स्थिरावतं. आवाज भयंकर होतो, नकाशे उडतात, पण विमान उडत राहतं. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचं वैमानिकांसाठीचं पुस्तक सांगतं की उघड्या दारापेक्षा वैमानिकाची त्या क्षणाची धांदल जास्त घातक असते. पट्टा सोडून दार ओढायला जाऊ नये, विमान सांभाळावं, उतरावं आणि मग दार लावावं. हा दिलासा सगळ्याच विमानांना लागू नाही. लँकेअर लेगसी या वेगवान विमानाची कॅनोपी पुढे बिजागरी असलेलीच आहे, तरीही ती हवेत उघडल्यावर विमान आवरणं अवघड होऊन जीवघेणे अपघात झाले आहेत. म्हणून आपल्या आराखड्याच्या इतर विमानांचं काय झालं, हे बांधणाऱ्यानं शोधून वाचायलाच हवं.

बसवण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण दोन गोष्टी विमानाच्याच आहेत. हँडलचा किंवा दांड्याचा बोल्ट चालताना फिरत असेल, तर तिथे नुसता नायलॉक नट चालत नाही. नायलॉनची पकड घर्षणाची. बोल्ट मागेपुढे फिरत राहिला की ती हळूहळू सुटते. तिथे भोक पाडलेला बोल्ट, कॅसल नट आणि स्प्लिट पिन. जिथे पिन बसत नाही तिथे लॉकिंग वायर, बहुतेक ०.८ मिलिमीटरची, इंचाला सहा ते आठ पिळे देऊन, आणि ताणली गेली की बोल्ट आवळला जाईल अशाच दिशेनं. दुसरी गोष्ट दाराच्या अंगाची. फायबरग्लासच्या दोन थरांत फोम असेल आणि हँडल थेट त्यावर आवळलं, तर फोम चेपतो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो. तेवढ्या जागेतला फोम कोरून काढून तिथे इपॉक्सीत कालवलेला कापसाचा भुगा किंवा प्लायवूडचा ठोकळा बसवावा आणि मोठे वायसर घालावेत.

किल्लीचं कुलूप असतं. टपालपेटीला किंवा कपाटाला असतं तसलं कॅम लॉक बरेच जण बसवतात. पण ते बाहेरचं हँडल अडवण्यापुरतंच असावं. बाहेरून कुलूप असतानाही आतून दार विनाकिल्ली उघडलं पाहिजे. चोराची भीती असेल तर थ्रॉटल किंवा प्रोपेलर अडकवणारं कुलूप जास्त कामाचं. महागडी रेडिओ यंत्रं चोरायला आलेला माणूस खिडकीचं अॅक्रिलिक फोडतो, आणि ते बदलण्याचा खर्च कुलपाच्या कित्येक पट असतो.

तुमच्या पिनांकडे येतो. पोलाद घ्या, आणि टोकाला भरपूर लांब निमुळता उतार द्या. टोक बोथट असलं की दार जरा बाहेर असताना पिन भोकाच्या कडेवर अडते किंवा बाहेरून सरकते. निमुळतं असलं की ती दाराला आत ओढून घेते. भोकात नुसतं टोक टेकून चालणार नाही, पिनेचा सरळ भागही पुरेसा शिरला पाहिजे. लांबी ड्रॉइंगप्रमाणे न कापता थोडी जास्त ठेवून पाठवा. प्रत्येक दार निराळं निघतं, पुतण्या तिथे जागेवर बसवून कापेल. स्टेनलेसची पिन अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात जात असेल आणि विमान समुद्राकाठी राहणार असेल, तर ग्रीस लावायला आणि दरवर्षी काढून पाहायला सांगा, नाहीतर अॅल्युमिनियम गंजून पिन जाम होते.

आणि पहिल्या उड्डाणाआधी एक चाचणी त्याला करायला लावा. ज्यानं हे विमान कधी पाहिलेलं नाही अशा शेजाऱ्याला बोलवायचं, आत माणूस पट्टे बांधून बसवायचा, आणि काहीही न सांगता शेजाऱ्याला बाहेरून दार उघडायला सांगायचं. तो अडखळला तर हँडलपाशी ठळक बाण आणि ‘इकडे फिरवा’ असं त्याच्या भाषेत रंगवावं. वर उघडणारी दारं विमान उलटं झाल्यावर जमिनीत अडकतात, म्हणून खिडकी फोडायचा हातोडा बसल्या जागेवरून हाताला येईल असा बांधून ठेवावा.